चाकाच्या मापाने

जुन्या बुलेटचं एक चाक टायरसकट मोजलं तर साधारण ६५० मिलिमीटर भरतं. पुढच्या आसापासून मागच्या आसापर्यंतचं अंतर, म्हणजे व्हीलबेस, १३७०. वजाबाकी केली की दोन टायरांच्या मधे ७२० मिलिमीटर जागा उरते: एक चाक आणि वर त्याचा दहावा हिस्सा. आता यामाहाची आरएक्स १०० घ्या. बुलेटपेक्षा साठेक किलोंनी हलकी, ९८ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, जातकुळी जपानी. व्हीलबेस १२४०च्या आसपास, चाक ५९०च्या आसपास, मधली जागा ६५०. पुन्हा एक चाक आणि वर दहावा हिस्सा.

एक गाडी इंग्लंडातल्या रेडिचमध्ये आखलेली, दुसरी जपानात, आणि दोघींच्या आखणीत तीन दशकांहून अधिक अंतर. तरी दोघींचा हिशेब इतका जवळ येतो आणि दोन्ही गाड्या उभ्या उभ्याच देखण्या वाटतात. बडोद्यात रविवारी सकाळी पावागडच्या रस्त्याला निघणाऱ्या गाड्यांत कापलेल्या, ताणलेल्या, नव्याने जोडलेल्या बुलेट दिसतात. काही बघताक्षणी नजरेत बसतात, काही खटकतात. खटकणाऱ्या गाडीवर मालकाने पैसा कमी ओतलेला नसतो. रंग झकास, क्रोम लखलखीत, वेल्डिंगचा टाका सुबक. तरी काहीतरी चुकलेलं असतं. 'ज्याची त्याची आवड' म्हणून हा विषय तिथेच मिटवण्याची पद्धत आहे. मला ती पटत नाही. मोटारसायकलीच्या प्रमाणाची वंशावळ काढता येते, आणि तिच्या जवळजवळ प्रत्येक पिढीत एखादी रोकडी गरज सापडते.

मूळपुरुष अर्थातच सायकल. १८८५ साली कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीने 'रोव्हर' बाजारात आणली. त्याआधीच्या सायकलीचं पुढचं चाक माणसाच्या छातीएवढं उंच असायचं, कारण पायडल थेट त्याच चाकाला जोडलेलं. चाक जेवढं मोठं तेवढी एका फेरीत मजल जास्त. स्टार्लीने साखळी लावली आणि चाकाला त्या जबाबदारीतून मोकळं केलं. दोन्ही चाकं जवळपास सारखी झाली, स्वार दोघांच्या मधे आला. पुढच्या पाचेक वर्षांत आपल्या ओळखीचा चौकटी सांगाडा पक्का झाला. घरातल्या जुन्या अठ्ठावीस इंची सायकलीला टेप लावून बघा. चाक सातशेच्या थोडं वर, व्हीलबेस साडेअकराशेच्या आसपास. मधली जागा चाकाच्या निम्म्याहून थोडी जास्त, साधारण सहा दशांश. फिरणारा पाय पुढच्या चाकाला लागू नये, एवढ्यासाठी ती ठेवलेली आहे.

या सांगाड्यात इंजिन कुठे बसवायचं, यावर पुढची पंधरा वर्षं गोंधळ चालला. कुणी ते मागच्या चाकाजवळ ठेवलं, कुणी सीटखाली. पॅरिसमधल्या वर्नर बंधूंनी १८९७ साली ते थेट पुढच्या चाकाच्या वर बसवलं. वजन उंचावर, तेही पुढे. ओल्या रस्त्यावर गाडी आडवी व्हायची. १९०१ साली त्याच वर्नर बंधूंनी इंजिन खाली आणलं आणि जिथे सायकलीचं पायडल असतं तिथे, दोन चाकांच्या बरोबर मधे, सांगाड्यातच गुंफून टाकलं. हा निर्णय इतका अचूक निघाला की सव्वाशे वर्षांत तो कुणी मनापासून बदललेला नाही. इंजिन मधे आलं, त्याच्या मागे गिअरबॉक्स आला, आणि सहा दशांशची जागा वाढत वाढत एका चाकाएवढी झाली. पुढे मागच्या चाकाला हलता चिमटा आला (बुलेटला तो १९४९पासून), त्याच्या खिळीसाठी गिअरबॉक्सच्या मागे आणखी थोडी जागा लागली. वरचा तो दहावा हिस्सा मी या चिमट्याच्या खात्यावर टाकतो.

मग वाढ तिथेच का थांबली? यापेक्षा लांब गाडी वळणाला जड होते, आखूड गाडी ब्रेक मारताच पुढे झुकते. मधल्या एका पट्ट्यात सगळं जमतं, आणि शंभर वर्षं त्या पट्ट्यातल्याच गाड्या बघून आपला डोळा तयार झाला. सौंदर्य म्हणून जे आपण ओळखतो ते बरंचसं या सवयीतून आलेलं आहे.

टाकीचंही तसंच. सुरुवातीला टाकी म्हणजे सांगाड्याच्या दोन आडव्या नळ्यांमधे सरकवलेला चपटा डबा. १९२४ साली हॉवर्ड डेव्हिसने आपल्या एचआरडी गाड्यांवर नळीवर खोगिरासारखी बसणारी टाकी दिली. तो स्वतः शर्यतीत धावणारा माणूस. दुसऱ्या वर्षी स्वतःच्याच गाडीवर आयल ऑफ मॅनची सीनियर टीटी जिंकला. खोगीर टाकीमुळे वरची नळी खाली आणता आली, सीट खाली आली, आणि गाडीची वरची रेघ पहिल्यांदा वाहती झाली: हँडलपाशी उंच, टाकीवरून उतरत सीटपाशी खोल, मग मागच्या मडगार्डवर पुन्हा वर. आज बडोद्यातला कुठलाही कारागीर गाडी लांबून डोळे बारीक करून बघतो तेव्हा तो हीच रेघ तपासत असतो.

आपल्याकडच्या मूर्तिकारांना हा सगळा प्रकार नवा वाटला नसता. शिल्पशास्त्रात मूर्तीची उंची फुटांत किंवा इंचांत सांगत नाहीत. मूर्तीचाच चेहरा, हनुवटीपासून केसांच्या रेषेपर्यंत, हे एक माप. त्याला ताल म्हणतात. देवतांच्या मूर्ती बहुधा नवताल किंवा दशताल, गणपती पंचताल. गणपतीला नऊ ताल दिले तर तो गणपती राहत नाही, आणि विष्णूला पाच दिले तर विष्णू. माप मूर्तीच्या आतलं, पण त्याची पटी किती घ्यायची हे ती मूर्ती कोण आहे त्यावर ठरतं. मोटारसायकलीचा ताल म्हणजे तिचं चाक. टाकी किती लांब, सीट किती खाली, हेडलाइट किती मोठा, हे सगळं चाकाच्या पटीत ठरवलं की जमतं. गाडी बनवायला बसलेला माणूस बहुतेकदा टाकीपासून सुरुवात करतो, कारण मोबाइलवरच्या फोटोत टाकी आधी डोळ्यांत भरते. तिथेच घोळ होतो.

बडोद्यात हा विषय निघावा याला थोडं ऐतिहासिक औचित्यही आहे. सयाजीराव महाराजांनी १८९० साली इथे कलाभवन उघडलं, प्रा. त्रिभुवनदास गज्जर त्याचे पहिले प्रमुख. यंत्रकाम, रंगकाम, सुतारकाम आणि चित्रकला एकाच छपराखाली. दादासाहेब फाळके इथे शिकले. यंत्र हाताळणाऱ्याला रेघ काढता आली पाहिजे, असं मानणारी ही शाळा होती. पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठ झालं तेव्हा कलाभवनाची तंत्रज्ञान विद्याशाखा झाली, १९५० साली ललितकलांची विद्याशाखा वेगळी उभी राहिली, आणि दोघींनीही आपापल्या क्षेत्रात नाव काढलं. एकीत मूर्तीची प्रमाणं शिकवत राहिले, दुसरीत यंत्रांची. मोटारसायकल बनवणाऱ्याला खरं तर दोन्ही वर्गांत बसायला हवं. प्रत्यक्षात त्याला फार तर मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत नळी वाकवणारा, लेथवाला, टिग वेल्डिंगवाला मिळतो. त्यांची मात्र या शहरात वाण नाही. रिफायनरी आणि खतकारखान्यांच्या आधाराने इथे धातुकामाची पिढ्यान्‌पिढ्यांची हातोटी तयार झालेली आहे.

प्रमाणाची धास्ती काय असते, याची एक गोष्ट मात्र बडोद्यात अजून सांगतात. लक्ष्मीविलास पॅलेसचा आराखडा मेजर चार्ल्स मँटचा. कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्याचाच. १८८१ साली तो वारला. आपली गणितं चुकली आहेत, इमारती कोसळणार, या भयाने त्याचं डोकं फिरलं होतं असं म्हणतात. त्याच्यानंतर आलेल्या चिझम या वास्तुकाराने काम पुरं केलं आणि पॅलेस ठणठणीत उभा आहे. याच पॅलेसच्या आवारात जानेवारी २०२३मध्ये जुन्या मोटारींचं आणि मोटारसायकलींचं '२१ गन सॅल्यूट' प्रदर्शन भरलं होतं. लोकांची झुंबड अर्थात मोटारींभोवती.

आता आपल्याकडच्या कापाकापीचा इतिहास. गाडी कापून जोडण्याची कला हॉलिवूडने शिकवली असा समज आहे. कॅलिफोर्नियाचे 'चॉपर' रस्त्यावर येत होते त्याच सुमारास दिल्लीत महायुद्धातून उरलेल्या हार्ले आणि इंडियन गाड्यांची मागची बाजू कापून तिथे माणसं वाहणारा सांगाडा जोडत होते. त्या फटफट्या १९९०च्या दशकाअखेरपर्यंत दिल्लीच्या रस्त्यांवर होत्या, मग प्रदूषणाच्या कारणाने हटवल्या गेल्या. सौराष्ट्रात तसाच छकडो जन्माला आला: पुढे बुलेटचं हँडल, टाकी आणि चाक, मागे दोन चाकांवर उघडा पाळणा, आणि पुढे पुढे शेतावर चालणाऱ्या धाटणीचं डिझेल इंजिन. त्यात पाच माणसं बसलेली मी कधी पाहिली नाहीत. नेहमी त्याहून जास्त.

मला विचाराल तर गुजरातेतलं सर्वांत प्रमाणबद्ध हातबांधणीचं वाहन छकडोच. त्याची लांबी भाराने ठरवली, रुंदी गावच्या रस्त्याने, उंची चढणाऱ्या म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांनी. पुढे बुलेटचं तोंड तसंच ठेवलं, कारण ते बदलायचं काही कारण नव्हतं. एकही रेघ उसनी नाही. आमच्या शौकीन मंडळींना हे मत पटत नाही, हे मला ठाऊक आहे.

चॉपरचं मूळ मात्र खरोखर अमेरिकेचं. युद्धावरून परतलेल्या तरुणांनी जड हार्लेचे मडगार्ड छाटले, नको ते काढून टाकलं. गाडी हलकी, म्हणून वेगवान. इथवर गरज होती. साठच्या दशकात पुढचे फोर्क लांब होत गेले, हेडपाइप (हँडलचा दांडा ज्या नळीत फिरतो ती) मागे कलला, आणि १९६९च्या 'ईझी रायडर' चित्रपटाने ते रूप जगभर नेलं. त्यातल्या गाड्या घडवल्या क्लिफ वॉझ आणि बेन हार्डी या कृष्णवर्णीय कारागिरांनी. श्रेयनामावलीत त्यांची नावं नव्हती. त्या गाड्यांना लांबी शोभली त्याला दोन कारणं. एक म्हणजे कॅलिफोर्नियातले सरळ, मोकळे रस्ते. दुसरं कारण इंजिन. हार्लेचे दोन सिलिंडर ४५ अंशांत फाकलेले असतात. ते इंजिन उंचीबरोबर रुंदीनेही जागा भरतं. दोन चाकांमधली जागा दीड चाक केली तरी मधे काहीतरी भरीव दिसत राहतं.

बुलेटचं इंजिन याच्या उलट. ७० मिलिमीटरचा बोअर, ९० मिलिमीटरचा स्ट्रोक, एकच सिलिंडर, सरळ उभा. उंच आणि सडपातळ. १३७०च्या व्हीलबेसमध्ये ते चपखल बसतं, कारण ती गाडी त्याच्याभोवतीच आखलेली आहे. आता समजा चेसी ओढून व्हीलबेस १७५० केला, पुढे २१ इंची आणि मागे जाड टायरचं १६ इंची चाक टाकलं. मधली जागा होते साधारण १०७० मिलिमीटर, दीड चाकाहून अधिक. त्या जागेत तो एकटा उभा सिलिंडर. मागे आणि पुढे भगदाड. मग मिस्त्री तिथे टूलबॉक्स लावतो, बॅटरीला पत्र्याचा गोल डबा करतो, खोटी ऑइल टाकी बसवतो. मालकाला वाटतं टाकी लहान पडली, म्हणून टाकी मोठी करतात. मग पुढचं चाक बारीक दिसायला लागतं. एका चुकीला झाकायला दुसरी. रविवारच्या त्या खटकणाऱ्या गाड्यांपैकी निम्म्यांचं दुखणं एवढंच असतं.

डोळ्यांना खटकतं ते हातांनाही जाणवतं. हँडलच्या दांड्याची रेघ खाली जमिनीपर्यंत वाढवा. ती टायर जिथे टेकतो त्याच्या थोडी पुढे टेकते. या अंतराला ट्रेल म्हणतात, आणि गाडी सरळ धावते ती त्याच्या जिवावर. बुलेटएवढं चाक, हेडपाइपचा कल २७ अंश आणि फोर्क दांड्यापासून ६० मिलिमीटर पुढे धरला, तर ट्रेल निघतो शंभरच्या जवळपास. बाकी काही न बदलता कल ४० अंश केला की तोच ट्रेल १९०च्या पुढे जातो. सरळ महामार्गावर गाडी रुळावरून चालल्यासारखी धावेल. पण रावपुऱ्यातल्या गर्दीत पायी चालण्याच्या वेगाने वळवायची म्हटली की हँडल एका बाजूला धपकन पडतं. यावर उपाय आहे: फोर्क धरून ठेवणाऱ्या वरच्या-खालच्या टीला वेगळा कल देऊन फोर्क पुढे काढता येतो आणि ट्रेल परत शंभरवर येतो. चांगले कारागीर तो करतात. बाकीचे गाडी फोटोसारखी दिसली की थांबतात.

आणि जिथे ती लांब गाडी खरोखर शोभली असती असा रस्ता बडोद्याला आहेच की. अहमदाबादचा द्रुतगती मार्ग, ९३ किलोमीटर, सपाट आणि सरळ. त्यावर दुचाकींना बंदी आहे.

कॅफे रेसरचं थोडक्यात. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रस्त्यावरच्या एस कॅफेजवळ पन्नास-साठच्या दशकांत पोरं ताशी शंभर मैल गाठायला बघत होती. १९५०च्या नॉर्टनच्या फेदरबेड सांगाड्यात ट्रायम्फचं इंजिन घालून 'ट्रायटन' जमवायची, हँडल खाली, पायदाण मागे, पोट टाकीवर. टाकीची खालची कड आणि सीट एका आडव्या रेघेत आली ती वाकलेल्या पाठीसाठी. रॉयल एन्फिल्डने १९६०च्या दशकात २५० सीसीची काँटिनेंटल जीटी कारखान्यातूनच त्या रूपात काढली, आणि २०१३ साली भारतात ५३५ सीसीची आणली, तिचा सांगाडा इंग्लंडच्या हॅरिस परफॉर्मन्सने आखलेला. बुलेटच्या उभ्या सिलिंडरला हे रूप चॉपरपेक्षा कितीतरी जास्त मानवतं, कारण व्हीलबेसला हात लागत नाही. फक्त काळ्या घोड्याच्या चौकात सिग्नलला तीन मिनिटं उभं राहिलं की मनगटं बोलू लागतात. वर पुतळ्यातले सयाजीराव महाराज ताठ पाठीने घोड्यावर बसलेले असतात. बैठक कशी असावी याचा नमुनाच.

मराठी माणसाचं नाव या क्षेत्रात ठळक झालं ते मुंबईत. अक्षय वर्दे यांनी २००५च्या सुमारास 'वर्देंची' सुरू केली आणि बुलेटच्या इंजिनाभोवती चॉपर, बॉबर उभे करून दाखवले. त्यानंतर जयपूर, दिल्ली, पुणे, गोवा, सगळीकडे कार्यशाळा निघाल्या. २०१९च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२चा आधार घेत सांगितलं की उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळी ठरेल अशी फेरफार केलेली गाडी नोंदणीला पात्र नाही. त्यानंतर शहाणे कारागीर चेसी कापायला सहसा तयार होत नाहीत. मला यात एक विचित्र फायदा दिसतो. व्हीलबेस आणि हेडपाइपचा कल जसाच्या तसा राहिला की प्रमाणाचा निम्मा अभ्यास आपोआप होतो. उरलेलं काम टाकी, सीट आणि पत्र्याचं.

कायद्यात आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे बांधणारे सर्वांत आधी दुर्लक्ष करतात. १९८९च्या नियमांनुसार मागे बसणाऱ्याला धरायला मूठ, पाय ठेवायला पायदाण आणि मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारं संरक्षण हवं. आपण ज्याला साडीगार्ड म्हणतो ते. बॉबर करायचा म्हटलं की पहिली करवत चालते ती इथे. मडगार्ड आखूड, एकट्यापुरती स्प्रिंगची सीट, मागे नुसतं चाक. ते रूप खरंच सुंदर दिसतं; ज्या देशात माणूस एकट्यापुरती मोटारसायकल घेतो तिथलं ते प्रामाणिक प्रमाण आहे. आपल्या बुलेटची लांब मागची बाजू, चाकावरून पार खाली उतरलेला मडगार्ड, दोघांना पुरेल अशी सीट, हे सगळं आखलं गेलं तेच दुसऱ्या माणसाचा हिशेब धरून.

बडोद्यात हा हिशेब दरवर्षी नवरात्रात चुकता करावा लागतो. नऊ रात्री अख्खं शहर गरब्याला जातं, आणि चनियाचोळीचा घेर घेऊन मागे बसणारीला एकट्याची सीट चालत नाही, उघडं चाक तर मुळीच नाही. वर्षभर बॉबर मिरवणारी पोरं आश्विन लागण्याआधी मिस्त्रीकडे येऊन म्हणतात, "काका, ती जुनी सीट आणि जाळी ठेवलीय ना? बसवून द्या." काकांनी ती ठेवलेलीच असते, भंगारात न टाकता, मालकाच्या नावाची चिठ्ठी अडकवून. दसऱ्यानंतर ती काढायला सगळेच येत नाहीत.